मशिनीक काय डोळे आसत? देवगडच्या सड्यावरचं एक खुळखुळा-प्रकरण

देवगड तालुक्यातल्या एका सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, ही गोष्ट. वाडीचं नाव देत नाही. घर ओळखीचं आहे आणि झालेल्या नुकसानीवर अजून खपली धरलेली नाही. घरात आबा, काकी, मुंबईहून परत येऊन हापूसची बाग बघणारा मुलगा, सून आणि दोन नातवंडं. गोठ्यात एक जर्सी संकरित गाय, एक गावठी गाय तिच्या वासरासह, दीड वर्षांची एक पाडी आणि चार-पाच शेळ्या. मी पशुवैद्य. त्या घरी वर्षातून दोन-तीनदा जाणं होतंच, त्यामुळे फोन आला तेव्हा फार काही वाटलं नाही.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. फोनवर काकी म्हणाल्या, "डॉक्टरानू, गाय काय खाणा नाय. नुसती भितीक डोक्या लावन उभी रवता."

भिंतीला डोकं लावून उभं राहणं हे लक्षण ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. पोटफुगी, अपचन, काससुजी ही रोजची दुखणी. डोकं दाबून उभी राहणारी गाय म्हणजे बिघाड मेंदूपर्यंत पोचलेला. तो तिथे पोचला कुठून, एवढंच शोधायचं असतं.

गोठ्यात जाऊन पाहिलं तर जर्सी खंगलेली. मुलगा म्हणाला, महिनाभर दूध उतरत होतं, आठ लिटरवरून तीनवर आलं. त्यांना वाटलं वेतच संपत आलं असेल. शेण पातळ, त्यात रक्ताची रेघ, आणि मुख्य म्हणजे ती सारखी कुंथत होती. शेण येवो न येवो, पाठ वाकवून जोर करायची. गुदद्वाराचा भाग थोडा बाहेर आलेला. डोळ्यांच्या आतली त्वचा किंचित पिवळी. ताप नाही. मध्येच दावणीला हिसके द्यायची, आणि एरवी गरीब असलेली ती गाय सुनेच्या अंगावर धावून गेली होती.

आबांचा निकाल तयार होता. "घाणेरी खाल्ल्यान आसतली."

घाणेरी म्हणजे टणटणी. कोकणात गुराला कावीळ झाली की पहिलं बोट तिच्याकडे जातं, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण घाणेरीच्या विषबाधेत पोट बहुधा थंड पडतं, शेण घट्ट होतं. शिवाय उन्हामुळे अंगावरची पांढरी, उघडी कातडी सोलवटते. इथे जुलाब आणि कुंथणं होतं, कातडी धड होती. घाणेरी मी मनातल्या मनात बाजूला ठेवली. पूर्ण खोडली नाही.

खरी भीती वेगळीच होती. पिसाळलेल्या गुरातही कुंथणं दिसतं, वागणं बदलतं, गाय हंबरत राहते, अंगावर येते. मी आल्या आल्या जबडा उघडून तोंडात हात घातला होता, तोही हातमोज्याशिवाय. वीस वर्षं हेच काम करून ही चूक. कुत्रं चावल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, पण सड्यावर मोकळ्या चरणाऱ्या गुराच्या बाबतीत त्याला अर्थ नाही. मी सगळ्यांना तिच्या लाळेपासून दूर राहायला सांगितलं, दूध बंद करायला लावलं. त्या संध्याकाळी आबा, मुलगा आणि मी अशा तिघांनी लस सुरू केली. आबा कुरकुरले, पण आले.

रक्त आणि शेण तपासायला गेलं. गोचीड तापाचे जंतू नाहीत. यकृतातल्या पर्णकृमीची अंडी नाहीत. भातखाचरांच्या कडेने चरणाऱ्या कोकणातल्या गुरांत ती बघावीच लागतात, म्हणून दोनदा पाहिलं. यकृताचे आकडे मात्र बोलके होते. जीजीटी हे यकृताचं एन्झाइम कितीतरी पटींनी चढलेलं, काविळीचं बिलिरुबिन वाढलेलं. बिघाड यकृतातच होता. यकृत अमोनियाचा निचरा करीनासं झालं की तो मेंदूवर चढतो आणि गाय भिंतीला डोकं लावते.

पिसाळलेलं जनावर लक्षणं दिसल्यावर सहसा आठ-दहा दिवसांत संपतं. ही अकराव्या दिवशीही उभी होती. पंधराव्या दिवशी पहाटे मेली.

शवविच्छेदनाला मी मुद्दाम आबांना समोर उभं केलं, आणि ते उभे राहिले. पोटात बादलीभर पिवळसर पाणी. यकृत आकसलेलं, कडक, सुरी कुरकुरत जावी असं. ताज्या विषबाधेत यकृत असं होत नाही. हे दुखणं दोन-तीन महिने आत शिजत होतं, आम्हाला दिसलं ते फक्त शेवटचं टोक. मेंदूचा नमुना पिसाळ रोगाच्या तपासणीला गेला, नकारार्थी आला. यकृताचा तुकडा जिल्ह्याबाहेर सूक्ष्मदर्शकाखाली गेला आणि त्याच्या अहवालात दोन गोष्टी होत्या: जागोजाग तंतुमय जाळं, आणि नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या झालेल्या, फुगीर केंद्रकांच्या यकृतपेशी. मेगालोसाइट.

हा शब्द वाचला आणि मी कपाळावर हात मारला. असं यकृत करणाऱ्या गोष्टी मोजक्या. बुरशी धरलेल्या पेंडेतलं अफ्लाटॉक्सिन ही एक. दुसरी म्हणजे पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची वनस्पतीजन्य विषं. पेंड मी पाहिली होती, ताजी होती, आणि गावठी गाय तीच खात होती. म्हणजे प्रश्न चाऱ्याचा. आणि मी चारा पाहिलाच नव्हता.

मांगर, म्हणजे गवत ठेवायचं खोपट, घरापासून शंभर पावलांवर. आत छपरापर्यंत करड रचलेलं, सड्यावरचं गवत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला कापून वाळवलेलं. मी भारा ओढायला लागलो तशा काकी मागून म्हणाल्या, "दिवाळेनंतर ह्या मांगरात निळी पाखरां नुसती उडत होती. करडार बसत. नातू धरूक जाय."

मी भारा तिथेच सोडला. ही निळी पाखरं म्हणजे ब्लू टायगर आणि त्याच्या जातभाईंची फुलपाखरं. सुकलेल्या गवतावर फुलपाखरांनी गर्दी करायचं काही कारण नाही, तिथे मध कुठला? पण या कुळातले नर काही ठरावीक सुकलेल्या, चुरगळलेल्या झाडांवर मुद्दाम येतात आणि त्यातलं अल्कलॉइड सोंडेने शोषून घेतात. त्याचाच गंध करून ते मादीला बोलावतात, आणि तेच अल्कलॉइड अंगात असल्यामुळे पक्षी त्यांना तोंड लावत नाहीत. कोकणातल्या अशा झाडांत पहिला मान खुळखुळ्याचा. रक्ताचा अहवाल यायच्या तीन महिने आधी निदान मांगरात उडत होतं, आणि एका पाच वर्षांच्या पोराखेरीज त्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

मग भाऱ्याची गाठ सोडली आणि तो हलवला. खुळखुळ वाजला.

*

खुळखुळा सगळ्यांच्या ओळखीचा. पावसाळ्यानंतर सड्यावर, रस्त्याच्या कडेला, वाळूच्या पट्ट्यात कमरेएवढं उभं राहणारं झाड. पिवळी, वाटाण्याच्या फुलासारखी फुलं, मागच्या पाकळीवर लालसर शिरा. पान टोकाला गोल आणि मधोमध किंचित खाच पडलेलं. शेंग फुगीर, वाळली की आत बिया सुटतात आणि वाजतात. लहानपणी आम्ही सगळ्यांनी त्याच्या शेंगा कानाशी हलवल्यात. शास्त्रीय नाव क्रोटालारिया रेटूसा. पहिला शब्द ग्रीकांच्या वाजवायच्या चिपळ्यांवरून आलेला, म्हणजे त्यांनाही आधी आवाजच ऐकू आला. दुसरा त्या खाचेवरून. क्रोटालारिया या वंशात जगभर सुमारे सातशे जाती आहेत, बहुतेक कोरड्या माळरानांच्या आणि झुडुपी रानांच्या. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडत असला तरी कातळसडा हे दिवाळीनंतर कोरडं माळरानच असतं. जांभ्यावर वीतभर माती, पाऊस थांबला की पंधरवड्यात गवत पिवळं.

आबांना एक गोष्ट पटेना. बागेत ते दर पावसाळ्यात ताग पेरतात आणि फुलावर आला की गाडतात. हिरवळीचं खत. तागही क्रोटालारियाच, सख्खा चुलतभाऊ. तीच पिवळी फुलं, मुळांवर नत्राच्या त्याच गाठी. "एक भाऊ खत देता आणि दुसरो गाय मारता?" त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर असं की या घराण्यात अल्कलॉइड कमी-जास्त प्रमाणात जवळजवळ सगळ्यांकडेच आहे. तागात कमी, तरी तागाचं बी गुरांना घालत नाहीत. रेटूसात मोनोक्रोटालीन भरपूर आणि सगळ्यात जास्त बियांत. मातीत गाडलं तर ते कुजून जातं. वाळवून मांगरात ठेवलं तर नाही, वाळल्याने हे विष जात नाही.

मोनोक्रोटालीन स्वतः फारसं काही करत नाही. यकृत ते शुद्ध करायला घेतं आणि तिथेच फसतं. यकृतातल्या एन्झाइमांनी त्याचं रूप बदललं की ते पेशीच्या डीएनएला चिकटतं. मग पेशीला विभागता येत नाही. ती मोठी होत जाते, आणि शेवटी मरते. तिच्या जागी नवी येत नाही, तंतू येतो. त्यामुळे खाणं थांबवलं तरी दुखणं थांबत नाही. उतारा नाही. मी पंधरा दिवस सलाइन, ग्लुकोज, जीवनसत्त्वं देत होतो, पण त्याचा उपयोग गायीपेक्षा घरच्यांना झाला.

सगळ्या जनावरांवर हे सारखं चालत नाही. घोडा आणि डुक्कर सगळ्यात नाजूक. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात क्रोटालारिया खाल्लेले घोडे दिशाहीन चालत राहतात आणि कुंपणात, नदीत जाऊन पडतात; तिथल्या लोकांनी त्या दुखण्याला नावच चालण्यावरून दिलंय. गाय मधली. शेळ्या-मेंढ्या बऱ्याच सोशिक, पण बिया पोटभर मिळाल्या तर मेंढ्याही मरतात, ब्राझीलमध्ये अशा घटना नोंदल्या आहेत. आणि माणूस? १९७० च्या दशकाच्या मध्यात सरगुजा जिल्ह्यात, तेव्हाच्या मध्य प्रदेशात, आता छत्तीसगडमध्ये, आदिवासी गावांत लोकांची पोटं पाण्याने फुगू लागली, अनेक दगावले. शोध लागला तो गोंदली या बारीक धान्यात. त्यात क्रोटालारियाच्याच एका जातीच्या बिया मिसळल्या होत्या. यकृतातल्या बारीक शिरा बंद होत होत्या. आपल्याकडे वरकस जमिनीवर वरी अजून कुणी करत असेल, तर झोडणीच्या वेळी आजूबाजूचा खुळखुळा बघून घ्यावा, एवढं मी त्या वाडीत सांगितलं.

*

आता मूळ प्रश्न. खुळखुळा सड्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहे, गुरंही आहेत, गवतही दरवर्षी कापलं जातं. मग या वर्षीच काय झालं?

गुरं ताजा खुळखुळा सहसा खात नाहीत. कडू लागतो, हुंगून सोडतात. गावठी गाय रोज त्याच सड्यावर चरत होती, तिला काही झालं नाही. जर्सी बांधीव. पुढ्यात येईल ते खाणारी. वाळलेल्या गवतात कडूपणा लपतो, काड्या मोडून एकजीव होतात, निवडून टाकायला वाव राहत नाही.

शेळ्यांच्या बाबतीत मी आधी घाईने एक निष्कर्ष काढला होता आणि तो इथे मागे घेतो. शेळ्या ठणठणीत, म्हणजे सोशिक जनावर वाचलं, नाजूक मेलं, पुस्तकात बसणारं चित्र. सुनेने एका वाक्यात ते मोडलं. शेळ्यांना करड कुणी घातलंच नव्हतं, त्या फणसाच्या आणि उंबराच्या पाल्यावर होत्या. त्यांच्या तब्येतीवरून काहीच सिद्ध होत नाही.

आम्ही एक भारा अंगणात सोडला आणि काकी, सून आणि मी तो निवडायला बसलो. सहा किलोच्या भाऱ्यात साडेसहाशे ग्रॅम खुळखुळा निघाला, निम्म्या शेंगा अजून बियांसकट. दहा टक्क्यांच्या वर. एवढा एका भाऱ्यात कसा? निवडता निवडता काकींनी काडी वर धरली. सड्याच्या गवतावर त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय.

"आमी विळ्यान कापू तेव्हा हो खुळखुळो बाजूक टाकू. मशिनीक काय डोळे आसत?"

माझ्या मते या प्रकरणाचं निदान या वाक्यात आहे, प्रयोगशाळेच्या अहवालात नाही. विळ्याने कापणारी बाई एका हाताने गवताची मूठ धरते. मुठीत जाड, वेगळी काडी आली की बोटांना कळतं, आणि ती टाकली जाते. तिला अल्कलॉइड माहीत नसतं, आणि विचारलं तर "गोरवां खाणत नाय" एवढंच सांगेल. पण ते टाकणं ही चाऱ्याची तपासणी होती, दर मुठीला एक, फुकट. दोन वर्षांपूर्वी मुलाने ग्रास कटर आणला. माणसं मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, आणि पंधरा दिवसांचं काम तीन दिवसांत होतं. त्याला मी दोष देणार नाही. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. पण मशीनबरोबर ती बोटं गेली, आणि ती काय करत होती हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

मग दोन वर्षांपूर्वीच गाय का नाही मेली? हे कळायला सड्यावर जावं लागलं. गेल्या हंगामात घरचं करड कमी पडेल म्हणून मुलाने शेजारच्या बंद चिरेखाणीच्या कडेची जागाही कापून घेतली होती. अखंड कातळावर खुळखुळा विरळ असतो. खाणीतून काढून टाकलेल्या मोकळ्या भुसभुशीत मातीवर मात्र त्याचं रान माजलं होतं. मार्चमध्येही वाळलेले खुंट गुडघ्याएवढे उभे, सगळे मशीनने एका उंचीवर कापलेले. आणि कापणीची वेळ नोव्हेंबर, म्हणजे शेंगा भरलेल्या असतात तो महिना. गवताची योग्य वेळ आणि खुळखुळ्याची सर्वांत विषारी वेळ एकच.

विष म्हणून खुळखुळा होता, वाट म्हणून मशीन होतं, आणि मात्रा खाणीच्या मातीने दिली. तिन्हींपैकी एक नसतं तर गाय बहुधा जगली असती. बहुधा म्हणतो, कारण चाऱ्यातल्या अल्कलॉइडची रासायनिक तपासणी आम्ही केली नाही. खर्चाचा प्रश्न होता आणि गाय गेलेली होती. यकृताचं चित्र, भाऱ्यातलं प्रमाण, खाणाऱ्या-न खाणाऱ्या जनावरांतला फरक, यांवर माझं निदान उभं आहे.

*

पुढचं थोडक्यात. करड त्याच दिवशी बंद केलं. आबांचा पहिला प्रश्न मी टाळत होतो तो त्यांनीच विचारला. "दूध तर आमी सगळ्यांनी पियाला." ही अल्कलॉइडं थोड्या प्रमाणात दुधात उतरतात. मोठ्यांना तेवढ्याने काही झालं असेल असं मला वाटत नव्हतं, पण नातवंडांच्या बाबतीत मी वाटण्यावर थांबलो नाही, मुलांच्या डॉक्टरकडे सगळी माहिती लिहून पाठवली. तपासण्या ठीक आल्या.

उरलेल्या करडाचं काय करायचं यावर घरात दोन दिवस वाद. विकायचं नाही यावर एकमत झालं, हे नोंदवण्यासारखं आहे, कारण गिऱ्हाईक दारात होतं. कलमांच्या बुंध्यात आच्छादन म्हणून टाकावं असं मुलाचं म्हणणं. मी नको म्हटलं. बिया बागेत पसरल्या असत्या, आणि बागेत गुरं शिरतात. शेवटी आबांनी तोडगा काढला. भाजावळीचे, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायचे दिवस होतेच, तरव्याच्या (भातरोपांच्या) जागेवर कवळ-पाल्याबरोबर सगळे भारे जाळले. बियाही गेल्या.

गावात एक सूचना आली की सड्यावरचा खुळखुळा उपटून टाकू, तणनाशक मारू. मी विरोध केला. झाड इथलं आहे, भुंगे आणि फुलपाखरं त्यावर आहेत, आणि उभा खुळखुळा गाय मारत नाही. त्याऐवजी सप्टेंबर-ऑक्टोबरात, तो पिवळा फुललेला आणि लांबून ओळखू येणारा असताना, फक्त कापायच्या जागेवर फेरी मारायची आणि तेवढी झाडं उपटायची, शेंग धरायच्या आत. चिरेखाणीच्या कडेचं गवत चाऱ्याला घ्यायचंच नाही. यंदा मशीन चालायच्या आधी दोन सकाळी काकी आणि सून विळा घेऊन पुढे चालल्या. मुलाने त्याची मजुरी धरली, हेही बरं झालं.

पाडीबद्दल लिहायचं राहिलं. तिने तेच करड खाल्लं होतं, जर्सीपेक्षा कमी. मार्चमध्ये तिचंही जीजीटी चढलेलं निघालं. कुंथणं, डोकं दाबणं काही नाही, फक्त वाढ खुंटलेली आणि केस राठ. पावसाळ्यात ओल्या चाऱ्यावर ती थोडी भरली. ऑक्टोबरात आकडे उतरले होते, पण जागेवर आले नव्हते. आता ती माजावर येते आणि आबा विचारतात, भरवायची का? गाभणपणाचा ताण अर्धवट यकृतावर टाकायचा की नाही, यावर मी त्यांना दोनदा दोन वेगळी उत्तरं दिली आहेत. पुढचं रक्त जानेवारीत घ्यायचं ठरलंय.